बाई एकदाच येणार असेल तर: उस्मानाबाद जिल्ह्यातला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास

ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताच्या धाराशिवमधल्या) गावांचे ५२ गट पाडले गेले. कोणत्या गटातल्या बायकांची कोणती तपासणी करायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, कुणाच्याही आवडीनिवडीवर न सोडता ठरलं. १३ गटांना एचपीव्ही विषाणूची चाचणी, १३ गटांना पॅप स्मिअर, १३ गटांना व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघण्याची तपासणी, आणि उरलेल्या १३ गटांना काहीच नाही. चारही मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. कुणालाही त्रास नव्हता, कुणाला कॅन्सर असल्याचं माहीत नव्हतं. प्रत्येकीची तपासणी एकदाच व्हायची होती, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं होतं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल आज जगभर जे धोरण सांगितलं जातं, त्यातला मोठा भाग या चिठ्ठ्यांमधून निघाला. तरीही आपल्याकडे हे प्रकरण फारसं कुणाला माहीत नाही. ते सविस्तर मांडतो, कारण यातला मूळ प्रश्न आपल्याच गावांतला आहे: बाई दवाखान्याच्या दारात आयुष्यात एकदाच येणार असेल, तर त्या एका खेपेत तिच्यासाठी काय करायचं?

बार्शीची पार्श्वभूमी

हा अभ्यास उस्मानाबादमध्ये झाला त्याचं कारण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीत आहे. बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे आणि तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावांत कुणाला कॅन्सर झाला, कोणता झाला, पुढे काय झालं, याची नोंद ठेवायची होती. शहरात अशी नोंद रुग्णालयांच्या कागदांवरून होते. इथे पेशंट रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता, त्यामुळे कागदही नव्हते. मग नोंदणीची माणसं गावोगाव फिरू लागली, चावडीवर आणि घरोघरी बसून लोकांशी बोलू लागली: ही लक्षणं दिसली तर अंगावर काढू नका, बार्शीला या.

त्यातून जे पुढे आलं ते आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असलेलंच होतं. बायकांच्या कॅन्सरमध्ये तिथे सगळ्यात वर होता ‘पिशवीच्या तोंडाचा’, म्हणजे गर्भाशयमुखाचा, कॅन्सर. बाई आधी जावेला सांगते, ‘अंगावर पांढरं जातंय.’ जाऊ म्हणते, ‘मलाबी जातंय.’ मग दुर्गंधी येते, मग संबंधांनंतर रक्त दिसतं, आणि ते तर कुणालाच सांगायचं नसतं. पाळी जाऊन चार-पाच वर्षं झालेल्या बाईला पुन्हा लाल दिसलं की ‘पाळी परत आली’ असं समजून ती गप्प राहते. नवऱ्याला कळतं तेव्हा कंबर आणि पाय दुखून तिला बसवत नसतं. नोंदणीच्या गावभेटींमुळे काही वर्षांत बायका थोड्या आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या, म्हणजे बोलण्याचा उपयोग होत होता. पण आजार झाल्यावर लवकर येणं आणि आजार होऊच न देणं यांत फरक आहे.

हा कॅन्सर होऊ न देता येतो. इतर बऱ्याच कॅन्सरबद्दल असं म्हणता येत नाही. गर्भाशयमुखाचा जवळजवळ प्रत्येक कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या, वर्षानुवर्षं न गेलेल्या संसर्गातून होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांना त्यासाठी २००८ मध्ये नोबेल मिळालं. या विषाणूच्या जातींपैकी १६ आणि १८ या दोनच सुमारे ७० टक्के कॅन्सरला कारण ठरतात. विषाणू शरीरसंबंधांतून येतो आणि बहुतेक बायकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातोही. थोड्यांच्या अंगात तो मुक्काम ठोकतो. त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बिघडतात, आणि या बिघाडाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. एवढा मोठा काळ हातात असतो. त्या काळात बिघडलेला भाग सापडला तर तो गोठवून, भाजून किंवा कापून काढता येतो, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

तीन तपासण्या

पॅप स्मिअरमध्ये गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. श्रीमंत देशांत या कॅन्सरचे मृत्यू याच तपासणीने खाली आणले. पण तिथे बायका दर तीन-पाच वर्षांनी पुन्हा पुन्हा येत होत्या आणि काचपट्ट्या वाचणारी माणसं भरपूर होती.

दुसरी तपासणी म्हणजे व्हीआयए. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावायचं, म्हणजे जवळपास व्हिनेगरच. मिनिटभर थांबायचं आणि चांगल्या उजेडात बघायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो. खर्च नगण्य, निकाल जागच्या जागी, आणि नर्सला शिकवता येतं.

तिसरी एचपीव्हीची चाचणी. नमुना ब्रशने घ्यायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा आणि त्यात विषाणूचा डीएनए आहे का ते यंत्राने तपासायचं. तेव्हा ती महाग होती. ‘खेड्यात ही कशाला’ असं वाटण्यासारखीच.

काम बार्शीच्या रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा मेमोरियलने आणि फ्रान्समधल्या लिऑन इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून केलं, पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. बोलावलेल्या बायकांपैकी पाऊण हिश्शाहून जास्त आल्या, जवळपास ऐंशी टक्के. हा आकडा मला सगळ्या निष्कर्षांइतकाच महत्त्वाचा वाटतो. ‘खेड्यातल्या बायका लाजतात, तपासणीला येत नाहीत’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. त्या काळात आशाताईही नव्हत्या, ती योजना २००५ ची. तरी पाचातल्या चौघी आल्या. कुणीतरी घरी येऊन नीट समजावलं, तपासणारी बाईच होती आणि पुढच्या उपचाराची खात्री होती, म्हणून आल्या.

आधी सारखंच दिसलं

तपासणीची फेरी संपल्यावर पहिले आकडे आले, तेव्हा कुणालाही फार उत्साह वाटला नसता. व्हीआयएमध्ये १४ टक्के, एचपीव्हीमध्ये १०.३ टक्के आणि पॅपमध्ये ७ टक्के बायकांची तपासणी पॉझिटिव्ह आली. त्यातून पुढे तपासून प्रत्यक्ष सापडलेला, उपचार लागावा असा बिघाड तिन्ही गटांत जवळपास सारखाच निघाला: अनुक्रमे ०.७, ०.९ आणि १ टक्का. अभ्यास तिथेच थांबवला असता तर निष्कर्ष सोपा होता. तिन्ही चाचण्या सारख्याच, मग स्वस्तातली घ्या.

सुदैवाने तो थांबवला नाही. आठ वर्षं या बायकांचा माग ठेवला गेला, आणि इथे बार्शीच्या नोंदणीची सवय कामाला आली. जिल्ह्यात कुणाला कॅन्सर झाला, कुणी गेलं, हे शोधून काढणारी यंत्रणा तयार होती. निकाल एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले.

काहीच तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही गटात बायका जास्त होत्या, ३४,१२६, आणि मृत्यू ३४. पॅपच्या गटात ५४ आणि व्हीआयएच्या गटात ५६ मृत्यू. संख्याशास्त्राच्या कसोटीवर या शेवटच्या दोन गटांत आणि तपासणी न झालेल्या गटात ठाम म्हणावा असा फरक नव्हता. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात सापडलेले कॅन्सर बघा: तपासणीविना ८२, व्हीआयएत ८६, पॅपमध्ये ५८, एचपीव्हीत ३९. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

सुरुवातीला बिघाड सारखाच सापडला होता, मग आठ वर्षांनी एवढं अंतर कसं पडलं? उत्तर ‘निगेटिव्ह’ आलेल्या बायकांत आहे. तपासणी निगेटिव्ह आली की बाई निर्धास्त होऊन घरी जाते आणि पुन्हा येत नाही. पॅप निगेटिव्ह किंवा व्हीआयए निगेटिव्ह असलेल्या बायकांत पुढच्या वर्षांत कॅन्सरचं प्रमाण दरवर्षी लाखामागे साडेपंधरा-सोळा निघालं. एचपीव्ही निगेटिव्ह बायकांत ते ३.७ होतं. म्हणजे एचपीव्ही चाचणीने दिलेलं ‘काही नाही’ हे उत्तर चौपट भरवशाचं होतं. पॅप आणि व्हीआयए आज काय दिसतंय ते सांगतात, आणि बघणाऱ्याचा डोळा थकला, उजेड कमी पडला किंवा काचपट्टी नीट आली नाही तर तेही निसटतं. विषाणूची चाचणी पुढच्या अनेक वर्षांचा धोका सांगते. दर तीन वर्षांनी येणाऱ्या बाईचं काम कमी भरवशाच्या चाचणीवरही भागतं, कारण या खेपेला सुटलेलं पुढच्या खेपेला सापडतं. एकदाच येणाऱ्या बाईला पुढची खेप नसते.

आणि या पट्ट्यात बाई एकदाच येते याचं कारण तिचं अज्ञान नाही. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेलं जोडपं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. तपासणीची तारीख, निकालाची तारीख आणि उपचाराची तारीख अशा तीन तारखा तिच्या वर्षात बसत नाहीत. मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, आणि घरी ‘तुला झालंय काय?’ हा प्रश्न असतो, ज्याला निरोगी बाईकडे उत्तर नसतं.

व्हीआयएवर अन्याय नको म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. तमिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यात नर्सनी एकदाच व्हीआयए करून, गरज असेल तिथे लगेच गोठवण्याचा उपचार दिला, तर मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या. दीड लाख बायकांच्या त्या अभ्यासात मृत्यू ३१ टक्के घटले. तेव्हा व्हीआयए निरुपयोगी नाही. ती माणसावर अवलंबून आहे. उत्तम प्रशिक्षण, सततची देखरेख आणि हाताशी उपचार असतील तर ती जीव वाचवते, आणि यातलं काही ढिलं पडलं की ‘तपासणी झाली’ एवढी नोंद फक्त रजिस्टरमध्ये उरते.

त्या ६४ जणी

या अभ्यासाबद्दल आदराने लिहिताना मला चौथा गट विसरता येत नाही. त्या १३ गटांतल्या बायकांना आजाराची माहिती दिली गेली, तपासणी दिली गेली नाही. एचपीव्ही गटाइतकंच प्रमाण त्यांच्यातही राहिलं असतं तर ६४ ऐवजी ३१-३२ मृत्यू झाले असते, हा साधा हिशेब आहे. तीसेक बायका.

२०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये यावर कडक टीका झाली. मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडिगल मिळून तपासणीविना ठेवलेल्या गटांत २५४ बायका या कॅन्सरने गेल्या, आणि तपासणीने जीव वाचतो हे जगाला आधीच माहीत असताना असा गट ठेवणं योग्य होतं का, असा तो प्रश्न होता. संशोधकांची बाजूही पोकळ नाही. जिल्ह्यात कोणतीच तपासणी होत नव्हती, त्यामुळे कुणाचं असलेलं काही काढून घेतलं नाही. आणि तुलनेला गट नसता तर ‘एकदाच केलेली पॅप इथे पुरत नाही’ हे कधी कळलंच नसतं, उलट तीच देशभर लागू झाली असती.

मला दोन्ही म्हणणी ऐकून असं वाटतं: एखाद्या बाईला ‘तुमच्यासाठी तपासणी नाही, पण अशी तपासणी असते, ती जीव वाचवते आणि ती अमुक ठिकाणी मिळते’ इतक्या स्पष्ट शब्दांत, तिच्या बोलीत सांगितलं गेलं नाही, तर तिने दिलेल्या संमतीला फारसा अर्थ राहत नाही. आणि इतकी किंमत देऊन मिळालेलं ज्ञान सगळ्यात आधी तिच्याच जिल्ह्यात वापरलं जायला हवं होतं. ते झालं नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने कॅन्सर तपासणीची जी चौकट आखली, तिच्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए ठेवली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं गेलं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी झाली आहे का? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या १.९ टक्के होत्या. एचपीव्ही चाचणी पहिल्या पसंतीने वापरा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०२१ मध्ये आली. तिच्यामागे उस्मानाबादचे आकडे आहेत.

शेजारच्या जिल्ह्यात त्याच भीतीचं काय झालं

तपासणी नसली म्हणून भीती थांबत नाही. उस्मानाबादच्या सीमेला लागून बीड जिल्हा आहे. २०१९ मध्ये तिथल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येक चाळिशीच्याही आतल्या होत्या. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका’ असं सांगितलं गेल्याचं बायकांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. पाळीमुळे बुडणारे दिवस आणि मुकादमाची उचल, हे दबाव त्यावर होतेच.

ज्या बाईच्या घरी हा प्रश्न आहे तिला मला एवढंच सांगायचं आहे की पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. कॅन्सरच्या भीतीवर उत्तर ऑपरेशन नाही, चाचणी आहे. एचपीव्ही निगेटिव्ह आली तर पुढची काही वर्षं भीतीचं कारण उरत नाही. पॉझिटिव्ह आली तरी ती कॅन्सरची बातमी नसते. विषाणू आहे, पिशवीचं तोंड नीट बघायला हवं, गरज वाटली तर तेवढाच भाग जाळायचा किंवा काढायचा, एवढाच तिचा अर्थ. तिशीतल्या बाईची पिशवी आणि अंडाशय काढून तिला वेळेआधी म्हातारपण देण्याचं कारण त्यात कुठेच नाही.

एका खेपेचा प्रश्न, लशीच्या बाबतीतही

बार्शीचं नाव या गोष्टीत पुन्हा येतं. २००९ मध्ये देशातल्या काही केंद्रांवर मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा अभ्यास सुरू झाला, त्यात बार्शीही होतं. तीनऐवजी दोन डोस पुरतात का, एवढंच बघायचं होतं. पण आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लस प्रकल्पावरून वाद पेटला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने असं सगळं लसीकरण थांबवलं. हजारो मुलींचा एकच डोस होऊन राहिला होता. संशोधकांनी या मुलींनाही सोडलं नाही, त्यांचा माग ठेवला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: १६ आणि १८ या जातींच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसानेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं, तीन डोसांच्या तोडीचं. एका डोसाचं वेळापत्रक जागतिक आरोग्य संघटनेने पुढच्याच वर्षी मान्य केलं, त्यामागच्या पुराव्यात हा अभ्यास होता. शाळेत एकदा गाठ पडलेल्या मुलीला दुसऱ्या डोसासाठी शोधत फिरण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

लस मात्र आज नऊ ते चौदा वर्षांच्या असलेल्या मुलींची सोय आहे. त्यांच्या आयांना तिचा उपयोग जवळपास नाही. आयांसाठी चाचणीच हवी, आणि ती आता १९९९ इतकी अवघड राहिलेली नाही. नमुना बाईला स्वतःच, पडद्याआड, दोन मिनिटांत घेता येतो. तपासणीच्या टेबलावर झोपण्याचा संकोच, ज्यापायी अनेकजणी येत नाहीत, त्यात टळतो. गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी ग्रामीण केंद्रांपर्यंत पोचलेलं आहे आणि एचपीव्हीची चाचणी त्याच यंत्रावर होते. म्हणजे अनेक ठिकाणी यंत्र आहे, चालवणारा तंत्रज्ञ आहे. खर्च चाचणीच्या चिपचा आणि पॉझिटिव्ह बाईला त्याच आठवड्यात उपचार देण्याच्या व्यवस्थेचा आहे.

तोवर, वाचणाऱ्या बाईने काय करायचं? वय तीस पूर्ण असेल तर उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’ मागायची. एचपीव्ही मिळत असेल तर ती, नसेल तर व्हीआयए, आणि व्हीआयए असेल तर पाच वर्षांनी पुन्हा. मुलं न होण्याचं ऑपरेशन झालं असलं, नवरा हयात नसला, पाळी गेली असली, तरी ही तपासणी लागते, कारण विषाणू वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. एचआयव्ही असलेल्या बाईने पंचविशीपासूनच आणि जास्त वेळा करून घ्यायची. पिशवी काढलेली असेल तर डिस्चार्ज कार्डावर तोंडही काढलंय का, हे डॉक्टरांना विचारून घ्यायचं.

आणि संबंधांनंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर परत लाल दिसलं असेल, वास येणारं पाणी जात असेल, तर कुठल्याही शिबिराची वाट बघायची नाही. चाळणी तपासणी त्रास नसलेल्या बायकांसाठी असते. अशा बाईने थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन पिशवीचं तोंड डोळ्यांनी तपासून घ्यायचं आणि गरज असेल तर तुकडा काढून तपासायला द्यायचा, याच आठवड्यात.